सोळा पेन्स की अठरा पेन्स? रुपयाच्या भावाचा एक जुना वाद

१९२६-२७ च्या सुमारास मुंबईच्या व्यापारी वर्तुळात आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ज्या प्रश्नावरून खडाजंगी उडाली, तो आज ऐकताना अगदी किरकोळ वाटतो. एका रुपयाला एक शिलिंग चार पेन्स मिळावेत की एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे सोळा पेन्स की अठरा, एवढाच तो प्रश्न होता (त्या वेळी बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे). परंतु या दोन पेन्सांवर कापसाचा भाव, गिरण्यांचा नफा, शेतसाऱ्याचा खरा बोजा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी अवलंबून होत्या. बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली आणि रोज सकाळी मुख्य कार्यालयाकडून येणारा दरांचा तक्ता पाहताना मला या जुन्या वादाची आठवण होत असे. दर वर गेला किंवा खाली आला की कोणाच्या तरी पदरात पडते आणि कोणाच्या तरी पदराला खार लागतो. रुपयाचा इतिहास राजांच्या मुद्रांवरून सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पण मला तो या बाजूने पाहणे अधिक बोधप्रद वाटते.

रुपया मुळात चांदीचा. सोळाव्या शतकात शेरशाह सूरने जो रुपया पाडला तो सुमारे साडेअकरा ग्रॅमचा होता आणि पुढे मोगलांनी तोच वजनमापाचा कित्ता गिरवला. मराठी मुलखात मात्र एकच रुपया असा कधी नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा कितीतरी प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या प्रांतात चालवायचा तर सराफ त्याचा कस पाहून बट्टा कापून घेत असे. विनिमयाचा धंदा म्हणजे या बट्ट्याचा धंदा होता. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. नाणे इतके नेमके असे की वजनाच्या मापासाठी सोनारापासून वैद्यापर्यंत सगळे रुपयाच पारड्यात टाकत आणि ‘रुपयाभार’ हे मापच होऊन गेले.

या व्यवस्थेत कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि थोडी घडणावळ देऊन रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत यांत फारसे अंतर पडत नसे. इंग्लंडचे चलन सोन्याचे आणि आपले चांदीचे, तरी सोने-चांदीचे परस्पर प्रमाण साडेपंधरास एक असे बराच काळ टिकून असल्यामुळे एका रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत. १८७१ नंतर हे गणित विसकटले. जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून आपली चांदी बाजारात ओतली, फ्रान्स आणि त्याच्या साथीदार देशांनी चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले आणि अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा येऊ लागला. चांदी घसरली, तसा तिच्याबरोबर रुपयाही घसरला आणि १८९२-९३ पर्यंत तो एक शिलिंग तीन पेन्सांपर्यंत उतरला.

आता ही घसरण कोणाला बोचली ते पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये ‘होम चार्जेस’ या नावाखाली मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. रेल्वेच्या कर्जावरचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, गोऱ्या पलटणींचा खर्च आणि हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च हे सारे त्यात आले. दोन शिलिंगांच्या भावाने एका पौंडाला दहा रुपये पडत, तेथे आता सोळा पडू लागले. येथील गोऱ्या नोकरवर्गाचा पगार रुपयांत होता आणि मुले शिकत होती विलायतेत, त्यामुळे त्यांनीही ओरड केली आणि त्यांना विनिमयाच्या नुकसानीबद्दल खास भत्ता मंजूर झाला. दुसऱ्या बाजूला स्वस्त रुपयामुळे आपला कापूस परदेशी खरेदीदाराला स्वस्त पडे, आणि मुंबईच्या गिरण्यांचे सूत तर चीनमध्ये चांगलेच खपत होते.

सरकारने कोणाचे ऐकले हे सांगायला नको. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. चांदी घेऊन जाणाऱ्याला रुपये मिळेनासे झाले, नाणी पाडण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला आणि नवे रुपये बाजारात येण्याचे जवळजवळ थांबवून रुपयाची टंचाई निर्माण केली. सुरुवातीला तो आणखी घसरून तेरा पेन्सांच्या आसपास गेला, पण टंचाईचा परिणाम होऊन शतकाच्या अखेरीस सोळा पेन्सांवर स्थिरावला. १८९९ मध्ये सॉव्हरिन, म्हणजे एका पौंडाचे सोन्याचे नाणे, पंधरा रुपयांच्या भावाने कायदेशीर चलन झाले. चीन चांदीवरच राहिल्यामुळे तिकडचा सुताचा व्यापार अडचणीत आला, हे गिरणीवाल्यांनी जाहीरपणे मांडले. ज्यांना मांडता आले नाही त्यांचे नुकसान याहून मोठे होते. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांनी विकलेले वाळे, तोडे, गोठ मुंबईच्या टांकसाळीत रुपये होण्यासाठी ढिगांनी आले होते. पुढचे दोन दुष्काळ १८९६ आणि १८९९ मध्ये पडले तेव्हा टांकसाळीचे दार बंद होते, आणि घरातली चांदी बाजारात मिळेल त्या पडत्या भावाने मोडण्याखेरीज शेतकऱ्याला उपाय नव्हता. शेतसारा मात्र त्याला महाग झालेल्या रुपयांतच भरायचा होता.

ही गोष्ट आकड्यांनिशी सरकारच्या तोंडावर सांगितली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील आपल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की सरकारच्या तिजोरीत दिसणारी शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून तेरा पेन्सांचा रुपया सोळा पेन्सांचा केल्याचे फळ आहे. सरकारचा विलायतेतील खर्च रुपयांत कमी झाला, कर मात्र तेवढेच राहिले, तेव्हा ते कमी करावेत. आजही अर्थसंकल्पाच्या दिवशी वाहिन्यांवर चालणारा गलका ऐकला की मला या भाषणाची शिस्त आठवते.

१८९३ नंतर जी व्यवस्था उभी राहिली तिची यंत्रणा मोठी चतुर होती. लंडनमधील व्यापाऱ्याला हिंदुस्थानातून कापूस किंवा ताग घ्यायचा असे तेव्हा तो तेथेच भारतमंत्र्याकडे पौंड भरून एक हुंडी विकत घेई. तिला ‘कौन्सिल बिल’ म्हणत. ही हुंडी इकडे येई आणि तिच्यावर येथील सरकारी तिजोरीतून रुपये मिळत. अशा रीतीने पौंड लंडनबाहेर न जाताच होम चार्जेस भागत आणि निर्यातीच्या मालाचे पैसे येथील करदात्यांच्या रुपयांतून चुकते होत. हुंड्यांचा भाव वरखाली करून रुपया सोळा पेन्सांच्या आसपास ठेवता येई. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने या व्यवस्थेची वाखाणणी केली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात नेमका तिच्यावरच हल्ला चढवला. विनिमय दर स्थिर ठेवला म्हणजे चलन स्थिर झाले असे नव्हे, देशातल्या देशात रुपयाने काय विकत घेता येते हे अधिक महत्त्वाचे, आणि रुपये पाडण्याची मोकळीक सरकारच्या हाती असेल तर महागाईला आळा बसणार नाही, असा त्यांचा रोख होता. सामान्य माणूस आपला रुपया लंडनमध्ये खर्च करत नाही, मंडईत खर्च करतो, ही साधी गोष्ट चलनावरच्या त्या काळच्या चर्चेत आश्चर्यकारक रीतीने हरवलेली होती.

पहिल्या महायुद्धाने ही चतुराई उघडी पाडली. चांदी इतकी महागली की रुपयातली चांदी रुपयाहून किमती ठरू लागली आणि लोक नाणी दडवू लागले. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट निघाली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही निघाली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी आणण्याची व्यवस्था करावी लागली. युद्ध संपल्यावर बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपया दोन शिलिंगांवर, तोही सोन्याच्या हिशेबाने, बांधावा अशी शिफारस केली. समितीतले मुंबईचे दादिबा दलाल एकटे विरोधात उभे राहिले आणि त्यांनी सोळा पेन्सांचाच आग्रह धरला. सरकारने बहुमताचे ऐकले. मग काय, ज्यांच्याजवळ रुपये होते त्यांनी या चढ्या भावाने पौंड उचलण्याची झुंबड उडवली, सरकार ते विकत राहिले आणि १९२० च्या सप्टेंबरपर्यंत साडेपाच कोटींच्या आसपास पौंड घालवून त्याने हात टेकले. हिंदुस्थानच्या चलन-इतिहासात याहून मोठी हातची लूट मला माहीत नाही.

एवढी पार्श्वभूमी असल्यावर १९२६ चा वाद कळतो. चलनाच्या प्रश्नासाठी सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाचे म्हणणे असे की गेल्या काही काळात रुपया अठरा पेन्सांवर आलाच आहे, देशातले भाव आणि मजुरी त्याला जुळलेली आहे, तेव्हा तोच कायम करावा. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून उत्तर दिले की भाव जुळलेले नाहीत, आणि दर साडेबारा टक्क्यांनी चढवल्यास परदेशी मालाला तेवढी सवलत आणि येथील शेतकऱ्याला तेवढा फटका बसेल. मुंबईत सभा झाल्या, पत्रके निघाली. अखेर १९२७ मध्ये कायदेमंडळात अगदी थोड्या मतांच्या फरकाने अठरा पेन्सांचा विजय झाला. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, असा तो भाव. माझे मत पुरुषोत्तमदासांच्या बाजूने आहे. दोनच वर्षांनी जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि महाग रुपयाने शेतकऱ्याची कोंडी आणखी आवळली. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने स्वतः पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, रुपया मात्र पौंडाला अठरा पेन्सांनी बांधलेलाच राहिला, आणि कर्जाने गांजलेल्या घरांतले सोने बोटीबोटींनी बाहेर गेले.

गंमत म्हणजे इंग्रज गेले तरी हे अठरा पेन्स गेले नाहीत. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, १९४३ मध्ये महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि युद्धकाळात इंग्लंडकडे साचलेल्या सव्वाशे कोटींहून अधिक पौंडांच्या आपल्या येणे रकमेचा प्रश्न त्यांनी युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत इतर भारतीय प्रतिनिधींबरोबर लावून धरला. दर तोच राहिला. ‘१९४७ साली एक डॉलर एका रुपयाला मिळत होता’ असा जो संदेश दर ऑगस्टात मोबाइलवर फिरतो त्याचे उत्तरही यातच आहे. पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे आणि पौंडाला चार डॉलर तीन सेंट, म्हणजे डॉलरला सुमारे तीन रुपये तीस पैसे. भागाकार करणाऱ्याला फसवणे कठीण असते.

स्वातंत्र्यानंतरही देशात एकच रुपया होता असे मात्र समजू नये. माझे आजोळ परभणी जिल्ह्यातले. आजोबांच्या लाल बासनातल्या वहीत जमाखर्चाच्या दोन रकान्यांवर ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे लिहिलेले आहे. हाली म्हणजे चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सातास सहा. मनमाडच्या पेढीचे देणे कलदारात आणि गड्यांची मजुरी हालीत, असा हिशेब बोरूच्या वळणदार मोडीत पानोपानी आहे. निजामाचे चलन पुढे १९५९ मध्ये पूर्ण बंद झाले, पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘कलदार’ नंतरही कितीतरी वर्षे टिकून होता.

१९४९ च्या सप्टेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले, रुपया त्याच्या मागोमाग गेला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांना मिळू लागला. पाकिस्तानने अवमूल्यन नाकारल्यामुळे त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४ पडू लागले. आपण तो भाव मान्य करीना, आणि पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांपर्यंत येण्याची वाट अडली. फेब्रुवारी १९५१ मध्ये आपण तो भाव स्वीकारला तेव्हा ही कोंडी फुटली.

त्याच काळात आपला रुपया समुद्रापलीकडे कुवेत, बहारीन, दुबई, मस्कत येथे नित्याचे चलन म्हणून चालत होता, हे आज सांगितले तर आखातात नोकरी केलेल्यांनाही नवल वाटते. तिकडे जमा झालेले रुपये रिझर्व्ह बँकेला पौंड देऊन परत घ्यावे लागत. याचा फायदा सोन्याच्या चोरट्या व्यापाऱ्यांनी न घेतला तरच नवल. येथून रुपये बोटीने दुबईला जात, त्यांचे सोने होऊन कोकण-गुजरातच्या किनाऱ्याला लागे, आणि तेच रुपये बँकेमार्फत परत येऊन पौंड घेऊन जात. म्हणून १९५९ मध्ये केवळ आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढण्यात आल्या, ज्या भारतात चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला तो एका पौंडाबरोबरीचा, म्हणजे तेरा रुपये आणि एक तृतीयांश. १९२७ मध्ये जिंकलेले अठरा पेन्स असे आखातातही जाऊन पोचले.

६ जून १९६६ रोजी ते संपले. पाकिस्तानशी झालेले युद्ध, थांबलेली परदेशी मदत, दुष्काळ आणि धान्याची आयात यांच्या ओझ्याखाली इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर आणि पौंड एकवीस रुपयांवर नेला. देशाचा अपमान झाला असा सूर विरोधकांनीच नव्हे तर काँग्रेसच्या अनेक नेत्यांनीही लावला. दुबई आणि कतारच्या दुकानदारांना तर रातोरात गल्ल्यातल्या नोटा स्वस्त झाल्याचे कळले आणि त्यांनी रुपया सोडला. दर चढा असणे हा अभिमानाचा विषय आहे, ही समजूत त्या वर्षी इतकी घट्ट झाली की पुढे पंचवीस वर्षे अवमूल्यन हा शब्द उच्चारण्याची कोणाची छाती झाली नाही. १९७५ मध्ये पौंडाची गाठ सोडून अनेक चलनांच्या सरासरीशी रुपया जोडण्यात आला आणि त्याला हळूहळू, गाजावाजा न करता उतरू देण्यात आले.

१९९१ ची कथा बहुतेकांना ठाऊक आहे: आखाती युद्ध, अनिवासी भारतीयांनी काढून घेतलेल्या ठेवी, दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरलेले परकीय चलन, परदेशी तारण ठेवलेले सोने, आणि १ व ३ जुलै असे दोन टप्प्यांत केलेले अवमूल्यन, ज्यात डॉलर एकवीसच्या आसपासवरून सव्वीसच्या जवळ गेला. त्यानंतरचे एक वर्ष मात्र लोकांच्या विस्मरणात गेले आहे, आणि ते मी काउंटरच्या आतून पाहिले. मार्च १९९२ पासून बाहेरून आलेल्या प्रत्येक डॉलरचे दोन भाव झाले. चाळीस टक्के रक्कम सरकारी दराने आणि साठ टक्के बाजारभावाने बदलून द्यायची. एकाच व्हाउचरवर दोन ओळी, दोन दर आणि खाली एक बेरीज. दुबईहून आलेला डॉलरचा ड्राफ्ट घेऊन खेडकडच्या एक बाई आल्या होत्या. पावती उलटसुलट करून त्यांनी विचारले, “साहेब, पैसे तर एकाच माणसाने पाठवलेत, मग भाव दोन कसे?” त्या चाळीस टक्क्यांतून सरकार तेल आणि खत स्वस्तात आयात करत होते आणि त्याचा भुर्दंड त्यांच्या नवऱ्याच्या कमाईवर पडत होता, मी तसे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग हा कर म्हणा ना.” १ मार्च १९९३ रोजी दोन्ही दर एक झाले आणि रुपया बाजारावर सोपवण्यात आला. पुढच्या वर्षी व्यापार, शिक्षण, प्रवास अशा चालू खात्याच्या व्यवहारांसाठी तो परिवर्तनीय झाला.

आता दर बँकाबँकांमधल्या खरेदी-विक्रीतून ठरतो. रिझर्व्ह बँक कोणता आकडा राखायचा हे जाहीर करत नाही, चढउतार फार तीव्र झाले तर स्वतः डॉलर विकते किंवा घेते. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलरने ८५ रुपयांची पातळी ओलांडली तेव्हा पुन्हा अब्रूची भाषा सुरू झाली. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराकडे पाहिले तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. रुपया उतरला की युरोपला गेलेल्या पेटीचे रुपये वाढायला हवेत, पण त्याच बागेला लागणारे पोटॅश सगळे परदेशातून येते आणि ट्रॅक्टरचे डिझेलही आयात तेलाचेच असते. त्यातून त्याने आपला माल निर्यातदाराला हंगामाच्या आधी रुपयांत भाव बांधून दिला असेल, तर उतरलेल्या रुपयाची वाढीव कमाई निर्यातदाराच्या खात्यात राहते आणि महागलेल्या खताचे बिल तेवढे बागायतदाराच्या घरी येते.